सिस्टरनं दार उघडलं नाही

नंदनवनच्या त्या गल्लीत पंचफुला रामटेके असं नाव घेऊन घर विचारलं, तर लोक क्षणभर विचारात पडायचे. मग कोणीतरी म्हणायचं, "सिस्टर का? मंग असं सांगा ना." पस्तीस वर्षं सरकारी आरोग्यसेविका म्हणून काढलेल्या या बाईंचं नावच मुळी नोकरीनं पुसून टाकलं होतं. निम्मी नोकरी उमरेड तालुक्यातल्या खेड्यांत झाली, खांद्याला लसीचा डबा आणि खाली सायकल. नवरा संघपाल कोराडीच्या वीज केंद्रात होता. त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना हार्ट अटॅकनं गेला. मुलगी दीक्षा शिकली, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला लागली, लग्न करून विमानतळाच्या बाजूला राहायला गेली. पंचफुलाबाई नंदनवनच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या, पण एकट्या पडल्या नाहीत. कोणाचं बीपी, कोणाच्या पोराचा ताप, कोणाची सलाईन काढायची आहे. सकाळपासून कोणी ना कोणी दारात असे.

शेजारी निमज्यांचं घर. जनाबाई निमजे सत्तरीच्या. एके काळी त्यांच्या घरात हातमाग होते, आता मुलगा चंदन गांधीबागेत साड्यांच्या दुकानात कामाला जायचा. रामटेके नवीन राहायला आले तेव्हा पहिलं वर्षभर जनाबाईंनी त्यांच्या घरचं पाणीही घेतलं नव्हतं. चहा आणला की म्हणायच्या, "आत्ताच झाला वं." पंचफुलाबाईंना त्याचा अर्थ कळत होता, आईबापांनी छप्पनमध्ये दीक्षाभूमीवर धम्म घेतला तेव्हापासून घरात त्याच गोष्टी ऐकत त्या वाढल्या होत्या. पुढे जनाबाईंची साखर वाढली, इन्सुलिन लागलं आणि रोज सकाळी आठ वाजता पोटाला सुई टोचायला पंचफुलाबाईच येऊ लागल्या. सहा वर्षं झाली. रोज अंगाला हात लागल्यावर पाण्याचा विषय कधी मिटला हे दोघींनाही कळलं नाही.

"हळू टोच वं," जनाबाई रोज ओरडायच्या. "म्हशीले टोचल्यावानी काहून टोचतं?"

"म्हैस एवढी बोंबलत नाही," पंचफुलाबाई रोज म्हणायच्या.

मग दोघी मिळून चहा प्यायच्या. एकीचा साखरेचा, एकीचा बिनसाखरेचा.

फसवणुकीच्या बाबतीत पंचफुलाबाई गाफील होत्या असं कोणी म्हणू नये. दीक्षानं फ्रिजवर कागद चिकटवून दिला होता: ओटीपी कोणाला सांगायचा नाही, लिंक उघडायची नाही, लॉटरी खोटी असते. वीजबिल भरलं नाही, आज लाईन कापतो, असं म्हणणाऱ्या एकाला त्यांनी फोनवर असं झापलं होतं की गल्लीत दोन दिवस त्याचीच चर्चा होती. आपल्याला कोणी फसवू शकत नाही असं त्यांना वाटत होतं. कागदावर जे लिहिलं होतं त्यापासून त्या खरोखरच सुरक्षित होत्या.

त्या मंगळवारी जनाबाईंना सुई देऊन त्या घरी आल्या आणि साडेनऊला फोन वाजला. हिंदीत बोलणारी मुलगी होती, फार अदबीनं बोलत होती. त्यांच्या आधार कार्डावर मुंबईत एक सिम घेतलं आहे, त्या सिमवरून काळ्या पैशाचे व्यवहार झाले आहेत, गुन्हा दाखल आहे, साहेबांना जोडून देते. मग व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस, मागं झेंडा, भिंतीवर सरकारी बोधचिन्ह. त्यानं त्यांचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं, पेन्शनच्या खात्याचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. ओटीपी एकदाही मागितला नाही. लिंक पाठवली नाही.

"मॅडम, आप गव्हर्नमेंट सर्व्हंट रही हैं," तो म्हणाला. "इन्क्वायरी क्या होती है, आपको तो पता है."

‘इन्क्वायरी’ हा एक शब्द नेमका कुठं लागला होता, हे त्या माणसालाही ठाऊक नसावं. पंचफुलाबाईंच्या नोकरीच्या बाराव्या वर्षी उपकेंद्रातून लसीच्या कुप्या गायब झाल्या होत्या. नोंदवहीवर सही त्यांची होती. चार महिने त्या निलंबित राहिल्या. रोज तहसीलच्या गावी जाऊन बाकावर बसायचं, साहेब बोलावतील तेव्हा आत जायचं, विचारतील त्याचं उत्तर द्यायचं, उलट बोलायचं नाही. कुप्या दुसऱ्यानं विकल्याचं सिद्ध झालं आणि त्या सुटल्या, पण त्या बाकावर बसलेली बाई आत कुठंतरी तशीच बसून राहिली होती. फोनवरच्या माणसानं तिलाच हाक मारली.

"आप डिजिटल अरेस्ट में हैं," तो म्हणाला. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, फोन बंद करायचा नाही, कोणाशी बोलायचं नाही, हेही त्यानं बजावलं. तपास गोपनीय आहे. बातमी फुटली तर मुलीचंही नाव गुन्ह्यात येईल, मिहानमधून तिला बेड्या घालून आणू.

पंचफुलाबाईंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि समोर खुर्ची घेऊन बसल्या. बाथरूमला जायचं तर विचारावं लागे. बीपीची गोळी घ्यायची तर विचारावं लागे. "सर, गोळी लेऊ का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा पलीकडे कोणीतरी हसल्याचं त्यांना ऐकू आलं, पण कचेरीत माणसं हसतातच.

दुपारी त्यानं त्यांना बँकेत पाठवलं. खात्यातले पैसे तपासून चोवीस तासांत परत करू, तोवर सरकारी खात्यात ठेवायचे. कॉल चालूच ठेवून फोन पर्समध्ये. मुदत ठेव मोडायची म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलीनं मान वर केली.

"काकू, एवढे पैसे कशासाठी काढून राहिल्या? कोणाचा फोनबिन तर नाही आला ना?"

एवढा सरळ प्रश्न. पर्समधून श्वासाचाही आवाज येत नव्हता.

"प्लॉट घेऊन राहिली," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पोरीच्या नावानं."

"नक्की ना?"

"मी काय लहान हाय का वं?" त्या चिडून म्हणाल्या. आयुष्यात त्या इतकं चांगलं खोटं कधी बोलल्या नव्हत्या. चौदा लाख गेले. संघपालच्या मरणाचे पैसे होते ते.

संध्याकाळी त्यानं त्यांना दीक्षाला मेसेज करायला लावला: उमरेडला नात्यात मयत आहे, दोन दिवस नेटवर्क नसेल. रात्रभर फोन चार्जरला लावून समोर होता. झोपेत कूस बदलली तरी तिकडून आवाज यायचा, "मॅडम, चेहरा इधर." जेवण त्यांनी केलंच नाही. परवानगी मागायचं धाडस झालं नाही.

बुधवारी सकाळी आठला दारावर थाप पडली. चंदनची बायको रुचिका होती.

"मावशी, आज आल्या नाही तुम्ही. आई वाट पाहून राहिल्या."

पंचफुलाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. वर्दीतला माणूस बदलला होता. हा तरुण होता, कडक होता. त्यानं बोट ओठांवर ठेवलं, मग हातानं खूण केली, घालवून दे.

"तब्येत बरी नाही," त्या दाराआडून म्हणाल्या. "उद्या येतो."

"मंग सुई?"

"तूच दे. पाह्यलं ना तू रोज? सोळा भरायचं."

रुचिका थोडा वेळ तिथंच उभी राहिली असावी, मग चपलांचा आवाज लांब गेला. पंचफुलाबाईंना सांगायचं होतं की सिरिंजवरची एक रेघ दोन युनिटची असते, सोळाला आठच रेघा मोजायच्या. पण त्या माणसानं टेबलावर हात आपटला आणि ते वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं.

साडेबाराच्या सुमाराला दारावर दोन्ही हातांनी मारल्यासारखा आवाज सुरू झाला.

"मावशी! मावशी वं! आईले पाहा ना जरा! घामानं पुऱ्या भिजल्या, हाक मारली तर बोलून नाही राहिल्या! चंदन दुकानात आहे, मी काय करू सांगा ना!"

पंचफुलाबाईंना दारापलीकडचं सगळं डोळ्यांसमोर दिसलं. घाम, थंड पडलेलं अंग, फिरलेले डोळे. पस्तीस वर्षांत त्यांनी असे किती पाहिले होते. साखर उतरली आहे. मधाचं नाहीतर साखरेच्या घट्ट पाकाचं बोट गालाच्या आत फिरवायचं, कुशीवर वळवायचं, आणि तसंच दवाखान्यात. साखरेचा डबा त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. त्या उठल्या.

"बैठिए."

"सर, बाजूवाली हाय. शुगर डाऊन हो गयी. दो मिनिट. मैं नर्स हूं सर. दो मिनिट में आती."

"मॅडम, ये सब हम रोज देखते हैं. आपके ही आदमी हैं ना बाहर? सबूत मिटाने आए हैं?"

"नहीं सर, वो मर जाएगी."

"दरवाजा खुला तो अभी गाडी निकलेगी मिहान के लिए. आपकी बेटी का ऑफिस कौन से माले पर है, बताऊं?"

पंचफुलाबाई उभ्या होत्या. दार सहा पावलांवर होतं. बाहेर रुचिका रडत होती, शेजारच्या घरांतून माणसं गोळा होत होती, कोणीतरी खिडकीला हात मारत होतं. "सिस्टर आतच हायेत, मी सकाळी आवाज ऐकला," कोणीतरी म्हणालं. मधुकरराव नावाचे समोरचे गृहस्थ जोरात ओरडले, "सिस्टर, माणूस मरून राहिला इथं!"

पंचफुलाबाईंनी पुन्हा एकदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं बोटानं खुर्ची दाखवली.

त्या बसल्या.

हे लिहिताना सोपं वाटतं. पण बाहेर ऑटो आला, जनाबाईंना चौघांनी उचलून त्यात घातलं, त्यांची एक चप्पल रस्त्यावर राहिली, ऑटो गेला, माणसं पांगली, आणि एवढा वेळ पंचफुलाबाई हात मांडीवर ठेवून त्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या. आतली ती बाकावरची बाई तशी बसायला शिकलेली होती. गल्ली शांत झाल्यावर त्या माणसानं त्यांच्याकडून मोबाईलवरूनच खात्यात उरलेले तीन लाख पाठवून घेतले. एकदा आकडा चुकला, तेव्हा तो रागावला.

चंदन दुकानातून थेट दवाखान्यात पोचला. मग त्यानं दीक्षाला फोन लावला.

"तुझी आई घरात असून दार उघडत नाही, दीक्षा. माझी आई इकडं बेशुद्ध पडली."

"आई उमरेडले गेली ना?"

"कायचं उमरेड! सकाळी रुचिकाशी बोलली ते दाराआडून."

दीक्षा ऑफिसमधून निघाली ती पाऊण तासात नंदनवनला पोचली. तिच्याकडे दुसरी किल्ली होती. दार उघडलं तर आई खुर्चीत, केस सुटलेले, ओठ कोरडे पडलेले. आईनं तिच्याकडे न पाहता आधी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, ये अपने आप आयी. मैंने नहीं बुलाया."

दीक्षानं फोन उचलला. वर्दी, झेंडा, बोधचिन्ह. झेंड्याचं कापड एका कोपऱ्यातून सुटून खाली लोंबत होतं आणि त्यामागं रंग उडालेली भिंत दिसत होती.

"कोण आहे रे तू?"

तो माणूस घाबरला नाही. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, दीक्षाकडे नीट पाहिलं आणि अगदी घरच्यासारखं म्हणाला, "मम्मी को कुछ खिला दो, बेटा. कल से भूखी है." मग त्यानं कॉल तोडला.

दीक्षानं तिथंच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, मग आईला घेऊन सायबर पोलिसांकडे गेली. तिथला हवालदार वयस्क होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, पोलीस कधीही व्हिडिओवर अटक करत नाहीत. असा कायदाच नाही. फोन कापायचा होता, बस. कापला असता तर काहीच झालं नसतं."

"काहीच?"

"काहीच नाही. कोणी आलंच नसतं."

पंचफुलाबाईंनी मान हलवली. त्यांना ते वाक्य समजायला वेळ लागला. सहा पावलं चालून गेल्या असत्या, तर काहीच झालं नसतं. मिहानकडे निघणारी गाडी कधी नव्हतीच.

मंगळवारचे चौदा लाख तोवर वीसेक खात्यांतून फिरून निघून गेले होते. बुधवारच्या रकमेतले एक्केचाळीस हजार गोठवता आले. पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर बरंच वाचलं असतं, हवालदार म्हणाला. त्याला बिचाऱ्याला मदतच करायची होती.

जनाबाई पाचव्या दिवशी गेल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत. साखर फार वेळ खाली राहिली, मेंदूला इजा झाली, डॉक्टर म्हणाले. अर्धा तास आधी काही दिलं असतं तर, हेही म्हणाले. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली होती, इन्सुलिन किती दिलं होतं, पण ती त्यांनी रुचिकाला एकटीला विचारली.

पंचफुलाबाई मयतीला गेल्या तेव्हा अंगणातली माणसं बाजूला झाली. वाट देण्यासाठी नव्हे. चंदन पुढं आला.

"मावशी, तुम्हाला पैशाची भीती वाटली का?"

"नाही रे बावा. दीक्षाची."

"म्हणजे माझी आई गेली तर चालते."

चंदननं त्यांना घालवलं नाही, पण आत पाया पडायला जाऊ दिलं नाही. "तिथंच मागं उभ्या राहा," म्हणाला. त्या उन्हात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

घरी दीक्षाही सरळ बोलत नव्हती. तिचा राग पैशांचा होता, आणि आपण तो पैशांचाच धरून बसलो आहोत याचाही होता. "शिकलेली असून असं कसं केलं वं आई?" हे वाक्य पंचफुलाबाईंनी त्या आठवड्यात मुलीच्या, जावयाच्या, भावाच्या, मैत्रिणींच्या आणि बँकेतल्या मुलीच्याही तोंडून ऐकलं. त्या प्रत्येकाला सांगायचा प्रयत्न करत होत्या की हे चोर अडाणी लोकांना नाही, नियम पाळणाऱ्या लोकांना पकडतात. कोणी थांबून ऐकत नसे.

दहाव्या दिवशी दुपारी रुचिका आली. डोळे सुजले होते. तिनं दार लोटून घेतलं आणि खाली बसली.

"मावशी, सोळा रेघा भरल्या होत्या मी."

पंचफुलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी हे आधीच ओळखलं होतं.

"मले माहीत नव्हतं एक रेघ दोनची असते. वरून आईंनी पोळीही अर्धीच खाल्ली, मी जोर नाही केला. डॉक्टरनं मले विचारलं, मी सोळा म्हटलं." ती त्यांचे पाय धरून रडू लागली. "चंदनले नका सांगू. तो मले घरातून काढून देईल. तुमचं तर सगळ्यांना माहीतच आहे."

तुमचं तर सगळ्यांना माहीतच आहे. पंचफुलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती तेवीस वर्षांची होती. तिला रेघांचं सांगायचं काम त्यांचं होतं, आणि ते सांगण्यापेक्षा त्यांना पडद्यावरचा हात मोठा वाटला होता.

"नाही सांगत," त्या म्हणाल्या. "जाय."

महिन्याभरानं पोलिसांनी जवळच्या समाजभवनात सायबर जागृतीचा कार्यक्रम ठेवला आणि पंचफुलाबाईंना बोलायला बोलावलं. आयोजक सुमंत नावाचा उत्साही तरुण होता. त्यानं आधी सगळं ऐकून घेतलं.

"सिस्टर, पैशाचं सांगा. बँकेचं सांगा. ते शेजारच्या बाईचं राहू द्या, लोक उगीच घाबरतात."

पंचफुलाबाई माइकसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी जनाबाईंपासूनच सुरुवात केली.

"तो तुम्हाला पहिले एकटं करतो," त्या म्हणाल्या. "कोणाला सांगू नका म्हणतो ना, तिथंच ओळखा. खरा पोलीस कधीच असं म्हणत नाही. फोन कापा आणि बाहेर गल्लीत जाऊन उभे राहा. जो दिसंल त्याले सांगा. लाज वाटली तरी सांगा. दार वाजलं तर उघडा. मी उघडलं नाही. माझ्या दाराबाहेर माणूस मरून राहिला होता आणि मी त्या चोराले परवानगी मागून राहिली होती."

तिसऱ्या रांगेत रुचिका बसली होती. गल्लीतल्या इंदूबाईंनी पुढच्या रांगेतून मागं वळून तिला विचारलं, "खरंच गं, एवढं मारलं तू दार, तरी नाही उघडलं तिनं?"

रुचिकानं मान वर केली. आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "नाही उघडलं. ते आली असती तर आई आज जिवंत असत्या. सुई पण रोज तिच्याच हातची होती ना."

पुढच्या रांगांतल्या बायकांनी जीभ चावली. कोणीतरी मोबाईल वर धरून पंचफुलाबाईंचा चेहरा टिपला. त्यांना रुचिकाचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला आणि बँकेत काय काय विचारतील ते सांगायला सुरुवात केली.